अदृश्य सेवकास मर्यादेची चौकट
(संगणकातील पार्श्वसेवा व अनिवार्य प्रवेश-नियंत्रण : एक अभ्यासपाठ)

माळव्यातील देवास हे शहर मराठी वाचकास दोन कारणांनी परिचित आहे. पवार घराण्याच्या दोन गाद्या या एकाच नगरीत शेजारीशेजारी नांदल्या, हे एक कारण. आणि आपल्या नाशिकरोडप्रमाणे तेथेही चलनी नोटांची छपाई होते, हे दुसरे. तेथील बँक नोट प्रेस १९७४-७५ च्या सुमारास सुरू झाली. २००६ साली स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण निगमाकडे आज तिचा कारभार आहे. या छापखान्याच्या फाटकावर जो पहारा असतो तो मात्र छापखान्याच्या नोकरीतला नाही. तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा आहे. छापखाना वित्त मंत्रालयाच्या अखत्यारीत, तर पहारा गृह मंत्रालयाच्या.

जानेवारी २०१८ मध्ये या दोन अखत्यारी वेगळ्या असण्याचे प्रयोजन सर्वांच्या प्रत्ययास आले. छपाईत सदोष ठरलेल्या नोटा बुटांत लपवून बाहेर नेल्याच्या आरोपावरून प्रेसमधील एका उप-नियंत्रण अधिकाऱ्यास सुरक्षा दलाच्या जवानांनी पकडले. त्याचे कार्यालय व घर येथून मिळून सुमारे ९० लाख रुपयांच्या नोटा हस्तगत झाल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले. हा अधिकारी नोटांच्या तपासणीच्या विभागातील होता. म्हणजे ज्या नोटांपाशी जाण्याचा त्याच्यावर आरोप होऊ शकतच नाही, कारण त्यांपाशी जाणे हेच त्याचे काम, त्याच नोटांसंबंधी हा प्रकार घडला. अशा माणसास विभागातील कनिष्ठ कर्मचारी अडवू शकत नाही. वरिष्ठाचाही त्याच्यावर विश्वासच असतो, एरवी त्यास त्या जागी नेमले नसते. त्यास अडवू शकतो तो केवळ असा पहारेकरी, की ज्याचा नियम त्या विभागाने लिहिलेला नाही आणि जो नियम त्या विभागातील कोणाच्याही सांगण्यावरून शिथिल होत नाही.

संगणकाच्या शास्त्रात नेमक्या याच तत्त्वास ‘अनिवार्य प्रवेश-नियंत्रण’ असे नाव आहे. शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांचा कारभार संगणकावर गेल्यापासून हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. प्रस्तुत पाठात त्याचा परिचय एका लहानशा उदाहरणाच्या आधारे करून देण्यात येत आहे.

पार्श्वसेवा म्हणजे काय

संगणक सुरू केला की पडद्यावर जे दिसते ते त्यातील कामाचा एक अंशच असते. पडद्यामागे कित्येक लहान-मोठ्या आज्ञावल्या अखंड चालू असतात. कोणी छपाईची कामे रांगेने मुद्रकाकडे पाठविते, कोणी नोंदी लिहिते, कोणी जाळ्यावरून आलेल्या मागणीस उत्तर देते. यांना कोणी वापरकर्ता हाताने सुरू करीत नाही व बंदही करीत नाही. यंत्र जागे होताच त्या जाग्या होतात आणि यंत्र निजेपर्यंत राबतात. यांना पार्श्वसेवा म्हणावे. इंग्रजीत त्यांना ‘डीमन’ हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या एका प्रकल्पात पडले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने कल्पिलेल्या, रेणूंची निवड करीत बसणाऱ्या अदृश्य द्वारपालावरून ते घेतलेले आहे. आपल्याकडील वेताळाशी या नावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि न दिसता, न थकता, सांगितले तेवढे काम करणारा सेवक ही कल्पना ग्रामीण वाचकास तरी परकी वाटू नये.

या पाठासाठी घड्याळ-सेवेचे उदाहरण घेऊ. जुन्या मामलेदार कचेरीत खजिन्यावरील पहारेकरी दर तासास घंटेवर टोले देत असे. गाव त्यावर आपली वेळ लावी. घड्याळ-सेवा हा संगणकातील तास देणारा शिपाई होय. प्रत्येक संगणकाच्या अंगी एक घड्याळ असते व ते दिवसाकाठी थोडेफार पुढे किंवा मागे जाते. ही सेवा ठरावीक अंतराने जाळ्यावरील विश्वसनीय घड्याळास वेळ विचारते आणि आपल्या यंत्राची वेळ दुरुस्त करते.

हे काम क्षुल्लक वाटेल. तसे ते नाही. निविदा स्वीकारण्याची मुदत दुपारी तीन वाजता संपते, ती कोणत्या घड्याळाने? दोन अर्ज एकाच दिवशी दाखल झाले, तर आधीचा कोणता? एखाद्या अभिलेखात रात्री बदल झाला, तर त्या वेळी कोणाच्या नावाने यंत्र उघडलेले होते? या साऱ्या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या वेळेवर अवलंबून आहेत. म्हणूनच भारताच्या संगणक-आपत्ती प्रतिसाद पथकाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या वेळेशी, जुळती ठेवावीत असे सांगितले आहे.

मालकाच्या मर्जीची पद्धत

आता या शिपायास कोठे जाऊ द्यावे व कोठे नाही, हे कोण ठरविणार? संगणकाच्या सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक फाईलीस एक मालक असतो. फाईल कोणी वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी हे तो मालक ठरवितो. यास ‘स्वेच्छाधीन प्रवेश-नियंत्रण’ म्हणतात. ज्याने कागद केला त्याने तो हवा त्यास दाखवावा, असा हा सरळ व्यवहार आहे आणि माणसांच्या बाबतीत तो बराचसा पुरतोही.

सेवकांच्या बाबतीत तो पुरत नाही, याची कारणे दोन. एक असे की, जी आज्ञावली ज्याच्या नावाने चालते तिला त्याचे सर्व अधिकार मिळतात. लेखनिकाच्या नावाने चालणारी आज्ञावली लेखनिकास उघडता येणारी प्रत्येक फाईल उघडू शकते, मग तिला त्या फाईलीची गरज असो वा नसो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. यंत्रात एक सर्वाधिकारी खाते असते. त्यास ‘रूट’ म्हणतात. त्यास कोणतीही फाईल बंद नसते. यंत्राचे घड्याळ फिरविणे हा मोठा अधिकार असल्यामुळे घड्याळ-सेवा पुष्कळदा याच खात्याच्या बळावर चालविली जात असे. तास देणाऱ्या शिपायास घंटेच्या दोरीबरोबर खजिन्याची, अभिलेखकक्षाची आणि साहेबांच्या कपाटाची किल्लीही देऊन ठेवावी, तसाच हा प्रकार होय. शिपाई प्रामाणिक असेल. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. त्यास कोणी फसविले तर किती दारे उघडतील, हा आहे.

पार्श्वसेवा फसविल्या जातात, हे जगास प्रथम मोठ्या प्रमाणावर कळले ते २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने सोडलेली आज्ञावली त्या वेळच्या जाळ्यात यंत्रामागून यंत्रात शिरत गेली. सुमारे ६,००० यंत्रे तिने ग्रासली असावीत, असा अंदाज तेव्हा करण्यात आला. तिने वापरलेल्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ नावाची सेवा. यंत्रावर सध्या कोण काम करीत आहे, एवढेच सांगणे हे या सेवेचे कर्तव्य. तिला अपेक्षेपेक्षा लांब प्रश्न विचारण्यात आला. त्या प्रश्नासाठी राखलेली जागा भरून तो पलीकडे सांडला, आणि सांडलेल्या मजकुरात दडविलेल्या आज्ञा सेवेने आपल्याच समजून पाळल्या.

घड्याळ-सेवाही यास अपवाद ठरली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वत्र वापरात असलेल्या ‘एनटीपीडी’ या घड्याळ-सेवेत याच जातीचे दोष आढळले. दूरवरून खास बनविलेला निरोप पाठवून तिच्याकडून परक्या आज्ञा करवून घेता येतील, असा तो दोष होता. त्याचे गांभीर्य असे की, ॲपल कंपनीने आपल्या संगणकांवरील ही सेवा वापरकर्त्यास न विचारता परस्पर दुरुस्त केली. त्या कंपनीने तसे करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कित्येक वर्षे लाखो यंत्रांत बिनबोभाट तास देत असलेल्या शिपायाच्या अंगी ही उणीव पहिल्यापासून होती. अशी उणीव आज कोणत्या सेवेत आहे, हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून सेवक बिघडेल असे गृहीत धरूनच त्याची हद्द आखावी लागते.

अनिवार्य नियमाची पद्धत

अनिवार्य पद्धतीत परवानगीचा निर्णय फाईलीच्या मालकाकडून काढून घेतला जातो व सबंध यंत्रासाठी लिहिलेल्या एका धोरणाकडे सोपविला जातो. ते धोरण यंत्राच्या गाभ्यात बसविलेले असते. कोणतीही आज्ञावली कोणत्याही वस्तूस हात लावू पाहते तेव्हा गाभा प्रथम नेहमीच्या परवानग्या तपासतो आणि नंतर हे धोरण पाहतो. दोन्हींची संमती असेल तरच काम होते. चौकटीत बसविलेली सेवा रूटच्या नावाने चालत असली तरी तिला यातून सूट नाही.

या विचाराचा उगम लष्करी गोपनीयतेत आहे. १९७३ साली बेल व लापाड्युला या दोघांनी अमेरिकी वायुदलासाठी त्याची गणिती मांडणी केली. गुप्त कागद वाचणाऱ्याने त्यातील मजकूर कमी दर्जाच्या कागदावर उतरवू नये, हा त्यातील एक मुख्य नियम. १९८३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संगणकांच्या विश्वसनीयतेची जी कसोटी प्रसिद्ध केली तीत वरच्या श्रेणींसाठी ही पद्धत आवश्यक ठरविण्यात आली. परंतु गुप्त, अतिगुप्त अशा चढत्या पायऱ्या पार्श्वसेवांना फारशा उपयोगी पडत नाहीत. घड्याळ-सेवा छपाई-सेवेहून वरची नाही आणि खालचीही नाही. ती केवळ निराळी आहे. म्हणून पुढे दर्जाऐवजी प्रकाराचा शिक्का मारण्याची पद्धत आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये तिचा ‘एसई-लिनक्स’ हा आविष्कार सर्वांसाठी खुला केला, आणि २००३ अखेरच्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून तो मूळ गाभ्याचाच भाग झाला. गुप्तहेर संस्थेने लिहिलेले कुलूप जगाने का वापरावे, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, या कुलपाची रचना उघडी आहे. ती कोणासही वाचून तपासता येते व अनेकांनी तपासलेली आहे.

शिक्क्याची ही पद्धत समजण्यास पुन्हा माळव्याकडे वळणे सोयीचे होईल. धार येथे पवारांची गादी एकच होती, आणि त्या दरबाराचा हुकूम संस्थानात सर्वत्र चाले. देवास येथे मात्र तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंच्या वंशजांच्या दोन शाखा झाल्या, थोरली पाती व धाकटी पाती. १८४१ नंतर दोहोंचा कारभार स्वतंत्र झाला. दोहोंच्या जमिनी मात्र एकमेकींत गुंतलेल्या राहिल्या. खुद्द देवास शहरात मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराच्या अमलाखाली आणि दुसरी बाजू दुसऱ्याच्या, असा प्रकार होता. पाण्याची व दिव्यांची व्यवस्थाही दोन्ही बाजूंस वेगवेगळी होती. थोरल्या पातीचा शिपाई कितीही वजनदार असला तरी रस्ता ओलांडताच त्याचा अंमल संपे. दरबारी कारभार म्हणून ही रचना गैरसोयीची होती यात संशय नाही, आणि १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाल्यावर ती संपली. संगणकात मात्र हेच हवे असते. एकाच यंत्रात, एकाच रस्त्यावर वावरणाऱ्या सेवांपैकी प्रत्येकीचा अंमल तिच्या बाजूपुरता राहावा. जुनी यंत्रे धारसारखी होती; एसई-लिनक्स त्यांचे देवास करते.

प्रत्यक्षात हे असे घडते. यंत्रातील प्रत्येक चालू आज्ञावलीवर एक शिक्का असतो, तसाच तो प्रत्येक फाईलीवर व जाळ्याच्या प्रत्येक द्वारावर असतो. कोणत्या शिक्क्याच्या सेवेने कोणत्या शिक्क्याच्या वस्तूशी काय करावे, याची यादी म्हणजे धोरण. सेवा कामावर रुजू होते त्याच क्षणी गाभा तिच्या अंगावर बिल्ला लावतो. तो बिल्ला धोरणाने मुभा दिल्याशिवाय तिला बदलता येत नाही, आणि तिने जन्मास घातलेल्या नव्या आज्ञावलीसही एरवी तोच बिल्ला लागतो.

घड्याळ-सेवेचे धोरण लिहिताना

धोरण लिहिणाऱ्याने प्रथम विचारावयाचे ते एवढेच, की या सेवेस आपले काम करण्यास काय काय लागते.

तिला आपली मांडणी-फाईल लागते. कोणकोणत्या घड्याळांस वेळ विचारावयाची त्यांची नावे तीत असतात. ही फाईल तिने वाचावी, लिहू नये. लिहिण्याची मुभा दिल्यास तिचा ताबा घेणारा तेथे भलत्याच घड्याळाचे नाव लिहून ठेवील आणि सेवा दुसऱ्या दिवशी स्वच्छ होऊन उठली तरी त्याच घड्याळास वेळ विचारीत राहील. याउलट यंत्राचे स्वतःचे घड्याळ किती चालीने पुढे-मागे जाते, हा आकडा ती एका छोट्या फाईलीत टिपून ठेवते. तेथे वाचन आणि लेखन दोन्ही हवे.

नोंदवहीची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. सेवेने काय केले याची नोंद तिने लिहावी हे योग्यच. परंतु ‘लिहिणे’ या एका शब्दात दोन कृती दडलेल्या आहेत. नवी ओळ शेवटी जोडणे ही एक, आणि जुनी ओळ खोडून दुसरी लिहिणे ही दुसरी. कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीत लेखनिक पुढचा क्रमांक टाकतो. मागचे पान फाडण्याचा अधिकार त्यास नसतो. एसई-लिनक्समध्ये या दोन अधिकारांस वेगवेगळी नावे आहेत आणि केवळ जोडण्याचा अधिकार देता येतो. घुसखोर शिरल्यावर प्रथम स्वतःच्या पाऊलखुणा पुसू पाहतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या भेदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

जाळ्यावर तिला १२३ क्रमांकाचे द्वार लागते, कारण वेळेची देवघेव त्याच द्वाराने करण्याचा जागतिक संकेत आहे. घड्याळांची नावे शोधून काढण्यासाठी नामसूचीस विचारण्याची मुभाही लागते. आणि अर्थातच यंत्राचे घड्याळ फिरविण्याचा अधिकार लागतो. येथे लिनक्सची आणखी एक सोय कामी येते. रूटचा एकसंध अधिकार तीत लहान तुकड्यांत वाटलेला असून वेळ बदलणे हा त्यांपैकी एक तुकडा आहे. तेवढा तुकडा हाती ठेवून बाकीचे सेवेकडून काढून घेता येतात.

एवढे लिहिले की मुख्य काम झाले. वापरकर्त्यांची घरे, संकेतशब्दांची फाईल, सातबाऱ्याच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे गुण यांविषयी मनाईचा एकही शब्द लिहावा लागत नाही, कारण जे लिहिलेले नाही ते नाकारलेले आहे, हा या पद्धतीचा पाया आहे. डिसेंबर २०१४ मधील दोषाचा फायदा घेऊन कोणी अशा चौकटीतील घड्याळ-सेवेचा ताबा मिळविला असता, तर त्यास यंत्राची वेळ बिघडविता आली असती. ते नुकसान लहान नाही. परंतु तेथून गुणपत्रकांपर्यंतची वाट त्यास बंद राहिली असती.

नकार मिळाल्यावर

येथवर सर्व सोपे वाटते. अडचण पुढे येते. सेवेस नेमके काय लागते हे लिहिणाऱ्यास पूर्णपणे ठाऊक नसते. वर्षातून एकदाच लागणारी फाईल यादीत राहून जाते आणि त्या दिवशी काम अडते. २००४ साली ‘फेडोरा’ या लिनक्स संचाच्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्रातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीस चौकट घालणारे कडक धोरण देण्यात आले. त्याने इतकी कामे अडली की नियंत्रण मुळातच बंद ठेवून ती आवृत्ती वाटावी लागली. त्याच वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीत कर्त्यांनी शहाणपणाचा मार्ग स्वीकारला. जाळ्यास तोंड देणाऱ्या दहा-बारा पार्श्वसेवांनाच चौकट घातली आणि बसून काम करणाऱ्या माणसास मोकळे ठेवले. घड्याळ-सेवा त्या पहिल्या दहा-बारांत होती. हे धोरण टिकले. सर्वांना एकदम बांधू पाहणारा नियम कोणासही बांधीत नाही, हा अनुभव परिपत्रके काढणाऱ्या अधिकाऱ्यांसही नवा नसावा.

कार्यालयात प्रत्यक्ष घडणारा प्रसंग बहुधा असा असतो. समजा, तालुक्याच्या ठिकाणी एका यंत्रावर गावकऱ्यांसाठी अर्जांचे नमुने ठेवलेले आहेत व एक वेब-सेवा ते मागणाऱ्यास देते. लेखनिकाने नवा नमुना स्वतःच्या घरफोल्डरात तयार केला आणि तेथून तो सेवेच्या फोल्डरात हलविला. नावे बरोबर, परवानग्या बरोबर. तरी सेवा नमुना देण्यास नकार देते. कारण असे की, फाईल हलविली तर तिचा जुना शिक्का तिच्याबरोबर जातो आणि नक्कल केली तर नव्या जागेचा शिक्का लागतो. हलविलेल्या नमुन्यावर अजून ‘घरचा कागद’ असा शिक्का आहे, आणि घरचे कागद वेब-सेवेने वाचू नयेत असे धोरण आहे. उपाय एका आज्ञेचा आहे. ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा फाईलीस त्या जागेचा योग्य शिक्का परत लावते. पण लेखनिकास हे ठाऊक नसते, बाहेर अर्जदारांची रांग असते, आणि बोलावलेला तंत्रज्ञ सर्वांत जवळचा उपाय करतो. तो सबंध नियंत्रणच बंद करून टाकतो. नमुना दिसू लागतो, सर्वांचे समाधान होते. पहारा उठला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पहारा उठल्याने त्या दिवशी काहीच बिघडत नाही.

याहून चांगला मार्ग कोणता, हे हिरकणीच्या कथेत आहे. रायगडाचे दरवाजे सांज होताच बंद होत. दूध घालण्यास आलेली हिरकणी गडावर अडकली. घरी तान्हे मूल होते. तिने विनवणी केली, पण पहारेकऱ्याने दार उघडले नाही. तो निर्दय होता असे नव्हे. दार उघडणे त्याच्या मर्जीत नव्हते. मग ती कडा उतरून गेली. पुढे महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूज बांधविला, असे सांगतात. दरवाजे रात्री उघडे ठेवण्याचा हुकूम मात्र निघाला नाही. कथा ऐकणारा आईच्या धाडसाने भारावतो ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने बुरुजाकडेही पाहावे.

एसई-लिनक्स बहुतेक प्रत्येक नकाराची नोंद ठेवते. कोणत्या शिक्क्याच्या सेवेने, कोणत्या शिक्क्याच्या वस्तूशी, काय करू पाहिले, हे त्या ओळीत असते. नवी सेवा चालविताना ‘केवळ नोंद’ ही अवस्थाही वापरता येते. तीत नकार देण्याऐवजी, नकार दिला असता एवढेच लिहिले जाते. काही दिवस तसे चालवून, नोंदी वाचून, योग्य त्या गरजा धोरणात घालाव्या आणि मग ‘बजावणी’ची अवस्था लावावी. उबुंटू संचात असलेल्या ‘ॲपआर्मर’ या पद्धतीतही अशाच दोन अवस्था आहेत; फरक एवढा की ती शिक्क्याऐवजी फाईलीच्या वाटेवरून निर्णय देते, त्यामुळे वर सांगितलेली हलविण्याची अडचण तीत सहसा उद्भवत नाही. कोणतीही पद्धत असो, नकाराची ओळ वाचल्याविना परवानगी वाढवू नये. नोंदीवरून आपोआप परवानगी तयार करून देणारी साधने मिळतात. ती सोयीची आहेत. पण नकार गरजेचा होता की घुसखोरीचा, हे त्यांना कळत नाही. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. त्या जपताना अधूनमधून वाचाव्या, असे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसले तरी अभिप्रेत असावे.

जे या पद्धतीने साधत नाही

अनिवार्य नियंत्रणाने सर्व काही साधते असा समज करून घेऊ नये. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष पाहा. त्यात घुसखोर सेवेकडून तिच्याच स्मृतीतील मजकूर काढून घेत असे. तो मजकूर तिच्या हातात असणे धोरणास मान्यच होते, उत्तर पाठविणेही मान्य होते. मग नकार कशास द्यावा? देवासच्या छापखान्यातील प्रसंगाचे मर्म हेच आहे. सदोष नोटा हाताळण्याची त्या अधिकाऱ्यास परवानगी होती. ती परवानगी काढून घेतली तर कामच थांबेल. पहाऱ्याचा उपयोग पुढे, फाटकापाशी झाला. त्याचप्रमाणे वेळ सांगणाऱ्या दूरच्या घड्याळानेच खोटी वेळ सांगितली, तर घड्याळ-सेवा ती इमानाने लावील आणि कोणतेही धोरण तिला अडविणार नाही. म्हणून एकाऐवजी अनेक घड्याळांस विचारण्याची पद्धत आहे. शिवाय पहारा गाभ्यात बसतो. गाभ्यातच दोष निघाला तर पहारेकरीच फितूर झाल्यासारखे होते. आणि यंत्राचा मुख्य व्यवस्थापक नियंत्रण बंद करू शकतो, हे तर वर आलेच आहे.

शेवटी एक गोष्ट गावातील वाचकासाठी. हे सारे कार्यालयातील यंत्रांपुरते आहे असे नाही. अँड्रॉइड पद्धतीच्या मोबाइल फोनांत एसई-लिनक्स २०१३ साली केवळ नोंदीच्या अवस्थेत आले आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते सर्वत्र बजावणीच्या अवस्थेत आहे. २०१५ साली या फोनांतील चित्रफिती उलगडणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ या नावाने गाजलेले दोष सापडले. केवळ एक चित्रसंदेश पाठवून फोनमध्ये शिरता येईल, असे ते होते. फोनमधील माध्यम-सेवा तेव्हा ध्वनी, कॅमेरा व चित्रफिती ही सर्व कामे एकटीच करी, त्यामुळे तिची चौकटही तितकीच रुंद ठेवावी लागली होती. २०१६ च्या सातव्या आवृत्तीत त्या एका सेवेच्या अनेक सेवा करण्यात आल्या. ध्वनीची एक, कॅमेऱ्याची दुसरी, आलेली फाईल उघडून तिचे भाग सुटे करणारी तिसरी, अशी वाटणी झाली आणि प्रत्येकीस स्वतंत्र, अरुंद चौकट मिळाली. अनोळखी माणसाने पाठविलेली चित्रफीत आज जी सेवा प्रथम उघडते, तिच्या हाती कॅमेरा नाही आणि बाहेरच्या जाळ्याशी बोलण्याची मुभाही नाही.